मी फोडलेली साखर

मी एक जुनी हातोडी आहे. पण मित्रांनो, जन्मात मी एक खिळा ठोकलेला नाही. लोखंडाशी, लाकडाशी माझे कधी भांडण झाले नाही. मी फक्त साखर फोडली. चाळीस वर्षे फोडली. आता माझे डोके एकीकडे आणि दांडा दुसरीकडे अशी मी स्वयंपाकघराच्या फळीवर पडून आहे, आणि समोर जे चालले आहे ते पाहून मला ओरडावेसे वाटते. पण हातोडीला तोंड असते ते फक्त मारायला. म्हणून तुम्हाला सांगते, आणि घाईने सांगते. मधूनमधून थापा मारीन, ती माझी जुनी खोड आहे. शेवटी जे सांगेन ते मात्र जसेच्या तसे आहे.

माझा जन्म मोरोक्कोतल्या फेझ शहराच्या तांबट आळीत झाला. मला घडवणारा तांबट ठार बहिरा होता. त्या आळीत दिवसभर इतकी ठोकाठोक चालते की तिथे तान्ही मुलेसुद्धा हातवारे करून रडतात. तरीही माझा पहिला टोला ऐकून त्या बहिऱ्याने मान वर केली आणि विचारले, "कोण गायलं?" डोके पितळेचे, दांडा ऑलिव्हच्या लाकडाचा. मला विकत घेतले ते सफ्रू गावच्या बूश्ताने. तेव्हा तो पंचविशीचा होता, खेचरांची खोगिरे शिवायचा, आणि त्याचे लग्न ठरले होते.

आमच्या मोरोक्कोत सुटी साखर मिळते, पण सुटी साखर घेऊन कोणी कोणाच्या दारात जात नाही. न्यायचा तो साखरेचा सुळका. दीड वीत उंच, दोन किलो वजनाचा, दगडासारखा घट्ट आणि निळ्या कागदात गुंडाळलेला. बाळ झाले, सुळका न्या. माणूस गेला, सुळका न्या. कोणी हजहून परतला, दोन भावांचे भांडण मिटवायचे आहे, मुलगी मागायची आहे, सुळका न्या. बूश्ता यामनाला मागायला गेला तेव्हा खेचरावर सहा सुळके होते आणि वर मी होते. त्यातला पहिला सुळका मी यामनाच्या बापासमोर फोडला. एका घावात तीन तुकडे झाले, सारखे, जणू मोजून कापलेले. म्हातारा म्हणाला, "हातोडी चांगली आहे. मुलगाही बरा दिसतो."

असे माझे दिवस सुरू झाले. बूश्ता खोगिरे उत्तम शिवायचा, पण गाव त्याला ओळखायचे ते चहासाठी. लग्न असो की बारसे, तबकामागे मेंढीच्या कातड्यावर बसायचा मान त्याचा. डाव्या हाताला पुदिना, उजव्या हाताला मी. किटली तो इतकी उंच उचलायचा की एकदा एक चिमणी चहाच्या धारेखाली अंघोळ करून गेली. त्याचा चहा पिऊन एक मुका माणूस बायकोशी भांडायला लागला. माझ्या घावाने उडालेला एक खडा दारातल्या खेचराच्या नाकात गेला, तर ते खेचर तीन दिवस नवरदेवासारखे डोलत चालत होते. खोटे वाटत असेल तर खेचराला विचारा. ते आता हयात नाही, त्याला माझा इलाज नाही.

बूश्ता माझी काळजीही घ्यायचा. लाकूड सुकले की माझे डोके दांड्यावर डुगडुगते. म्हणून दर शुक्रवारी, नमाजाला जाण्याआधी, तो मला पाण्याच्या वाडग्यात भिजत घालायचा. लाकूड फुगायचे, डोके घट्ट बसायचे. चाळीस वर्षांत एक शुक्रवार चुकला नाही. मित्रांनो, हा शुक्रवार लक्षात ठेवा.

आणि चहाचा आमचा एक नियम लक्षात ठेवा. चहा करणारा आधी आपल्या पेल्यात घोटभर ओततो आणि चव घेतो. साखर कमी वाटली तर मला उचलतो. मग पुन्हा चव घेतो. त्याने चव घेतल्याशिवाय पाहुण्यापुढे पेला ठेवणे म्हणजे पाहुण्याला परका म्हणणे.

गेल्या वर्षी कधीतरी बूश्ताला तहान लागू लागली. रांजणाशी जायचा, पाणी प्यायचा, बसायचा, पुन्हा उठायचा. खायचा भरपूर आणि अंगाने वाळत चालला होता. दुपारी खोगीर शिवता शिवता पेंगायचा. यामना म्हणायची, "अहो, वय झालं आता." तो म्हणायचा, "वय तुझं झालं. मला झोप येतेय."

मग तो दिवस आला. खोगीर शिवताना ते दोन्ही पायांत घट्ट धरावे लागते आणि वीतभर लांब दाभणाने टाके घालावे लागतात. संध्याकाळी बूश्ता उठून घरात आला, तर यामनाने पाहिले की फरशीवर लाल ठिपक्यांची रांग आहे.

"अहो, थांबा. पाय दाखवा."

"काय झालं?"

"तुमच्या टाचेत दाभण आहे."

बूश्ताने वाकून पाहिले. अर्धे दाभण टाचेत शिरलेले होते. तो हसून म्हणाला, "सकाळपासून शोधतोय मी हे." यामना हसली नाही.

गावच्या दवाखान्यातली परिचारिका बतूल घरी येऊन मलमपट्टी करू लागली. तिने बूश्ताचे बोट टोचून रक्त तपासले, मग त्याला फेझच्या डॉक्टरांकडे पाठवले. तो परत आला. यामनानेच बतूलला सांगितले, "चाळीस दिवस दिलेत त्यांनी. तेवढ्यात रक्तातली साखर उतरली तर जखम भरायला लागेल. नाही तर घोट्यापासून पाय काढणार म्हणाले."

"एका पायानं खोगीर धरता येत नाही," बूश्ता म्हणाला.

बतूल त्याच्यासमोर फतकल मारून बसली. बोलायला फटकळ, पण हात हलका. तिने विचारले, "बा बूश्ता, तुमच्या गल्लीतली भट्टी कशी चालते?"

"आता तुला भट्टी कशाला?"

"सांगा तर."

"घराघरातून कणकेच्या फळ्या येतात. भट्टीवाला दार उघडतो, आत सरकवतो. रोट्या भाजून घरी जातात."

"आणि त्यानं दार उघडलंच नाही तर?"

"गल्लीत फळ्या साचतील. कणीक आंबेल. बायका त्याच्या झिंज्या उपटतील."

"आणि घरात?"

"घरात काय, सगळे उपाशी."

"तुमच्या अंगात हेच चाललंय. तुम्ही खाता त्याची साखर होते, ती रक्ताच्या गल्लीतून हिंडते. अंगाच्या दाराशी एक राखणदार आहे, त्यानं हाक दिली की दार उघडतं आणि साखर आत जाऊन तिचं बळ होतं. पण चाळीस वर्षं तुम्ही इतक्या फळ्या पाठवल्यात की दार आता त्याच्या हाकेला ओ देत नाही. गल्ली तुंबलीय आणि घर उपाशी आहे. म्हणून खाऊनही वाळताय. म्हणून तहान. आणि तुंबलेल्या गल्लीत आधी पायाच्या नसा मरतात. दाभण कळलं नाही ते त्यामुळं."

मी तबकात पडून ऐकत होते. मित्रांनो, मी पितळेची, मला घाम फुटत नाही. पण त्या दिवशी माझ्यावर दव धरले. चाळीस वर्षे त्या फळ्या कोण फोडून देत होते? मीच की.

"मग दार उघडायचं कसं?" यामनाने विचारले.

"गोळ्या आहेतच. त्यावर मेहनत. अंग राबलं की मागचं दार उघडतं, तिथं राखणदार लागत नाही. टाच टेकवायची नाही, तेव्हा चालणं बंद. पण हात आहेत ना? जेवण झालं की बसून जातं ओढायचं. मैद्याची रोटी बंद, जवाची खायची. तीही आधी मसूर, भाजी खाऊन, मग. आणि चहात साखर नाही."

"चहा पीतच नाही मग," बूश्ता म्हणाला. "बिनसाखरेचा चहा म्हणजे पुदिन्याची अंघोळ."

"शब्द द्या."

"दिला. एक पेलासुद्धा पिणार नाही."

आणि मित्रांनो, बूश्ताने शब्द पाळला. तेच तर रडगाणे आहे.

तो जात्यावर बसला. ज्या माणसाने कधी खलबत्ता उचलला नाही तो रोज तीनदा जव दळू लागला. मसूर खाल्ली, भोपळा खाल्ला, जवाची जाड रोटी चावली. मी तबकात उगी पडून होते आणि मला आनंद होत होता. बिनकामाचे होण्यात इतके सुख असेल असे कोणाला वाटले असते?

पण बूश्ता आजारी आहे ही बातमी भट्टीवरून गावभर गेली. आणि आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने कोण जाते?

पहिल्या दिवशी चार सुळके आले. दुसऱ्या दिवशी तीन. साखरेच्या आजाराने घरी बसलेल्या माणसाच्या दारी सगळे गाव साखर घेऊन येत होते आणि कोणालाही त्यात वावगे वाटत नव्हते. मला विचाराल तर दहाव्या दिवशी सुळक्यांचा ढीग इतका उंच झाला की त्याच्या टोकावर बर्फ पडला. बरे, बर्फ नाही पडला. पण कोठीचे दार लागत नव्हते, हे खरे.

खेचरांच्या बाजारातला दलाल कद्दूर, बूश्ताचा बालमित्र, दोन सुळके काखेत मारून आला. "एक तुला," तो म्हणाला, "आणि एक तुझ्या आजाराला. त्यालाही पाहुणचार नको का?" मग जाते दिसले. "हे काय, यामना वहिनी, नवऱ्याला दळायला बसवलंत? गाणंबिणंही म्हणतो का?"

"तुम्हाला बसायचं असेल तर दुसरं जातं आणते," यामना म्हणाली.

"नको, मी चहाला आलोय. बूश्ताच्या हातचा."

यामनाने चहा करायला हात पुढे केला, तर बूश्ता कातड्यावर सरकून बसलासुद्धा. घरात बूश्ता असताना दुसऱ्याने चहा करायचा? मग तो मेल्यासारखाच झाला. त्याने मला उचलले. मी माझे सगळे वजन खाली ओढून धरले, तरी उचलले. साखर फोडली. किटली उकळली. आपल्या पेल्यात घोटभर ओतला आणि चव घेतली.

"साखर कमी आहे," कद्दूर आपल्या पेल्यातला पिऊन म्हणाला.

टोला. पुन्हा चव. पुन्हा टोला. पुन्हा चव. दुसरी किटली, तिसरी किटली, कारण तीन पेल्यांआधी कोणी उठत नाही. कद्दूर गेला, तर भट्टीवाला आला. तो गेला, तर यामनाची नणंद आली, दोन सुनांसह.

बूश्ताने एक पेलाही प्यायला नाही. फक्त चव घेतली. चव घेणे म्हणजे पिणे नव्हे, हे आमच्याकडे दूधपित्या मुलालाही ठाऊक आहे. मी मात्र प्रत्येक घोट पाहत होते. एका दिवशी एकवीस घोट झाले. ते एका पेल्यात ओतले असते तर पेला भरून वाहिला असता आणि दुसरा लागला असता, मग तिसरा.

विसाव्या दिवशी बतूलने रक्त तपासले. आकडा तसूभर उतरला नव्हता. तिने पट्टी सोडली तेव्हा टाचेच्या जखमेच्या कडा काळ्या दिसत होत्या.

"लल्ला यामना, खरं सांगा. मैदा देता?" बतूलने विचारले. आमच्याकडे मानाच्या बाईला 'लल्ला' म्हणतात.

यामनाचा चेहरा उतरला. "मी? पोटच्या पोराला दिलं नसतं इतकं मोजून देते मी."

"बा बूश्ता, चहा?"

"एक पेला प्यायलो असेन तर माझी जीभ झडो."

तो खोटे बोलत नव्हता. तीही त्याला खोटा धरत नव्हती. आणि मी तिच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर पडले होते आणि आतून फुटत होते. चव विचार. अगं बाई, चव विचार. पेला विचारू नकोस, चव विचार. पण जिचे डोकेच पितळेचे, तिची हाक कोण ऐकणार? बतूलने गोळ्या वाढवल्या, मान हलवली आणि गेली. यामना कोठीत जाऊन सुळक्यांच्या ढिगाशी तोंड करून रडली. बूश्ता जाते ओढत राहिला. आडात पाणी तुडुंब आणि पोहरा कोरडा, अशी त्या घराची गत झाली होती.

आता सांगते ते जसेच्या तसे.

एकतिसावा दिवस. कद्दूर परत आला, बाजारातले पाच जण घेऊन. सगळे कातड्यांवर बसले. बूश्ताने दुखरा पाय उशीवर ठेवला होता आणि दुसरा, उघडा, तबकाशेजारी पसरला होता. माझा दांडा सुकून खडखडीत झाला होता. आजारपणाच्या धांदलीत चार शुक्रवार गेले, मला कोणी पाण्यात घातले नव्हते. माझे डोके मानेवर डुगडुगत होते.

"बूश्ता, हात आखडला का रे?" कद्दूर म्हणाला. "एवढा कोठीभर माल आणि चहा असा? माझ्या आजीची विधवा बहीणसुद्धा याहून गोड करायची."

"थांब, तुझे दात पाडतो आज," बूश्ता म्हणाला, आणि त्याने मला डोक्यापर्यंत उचलले.

लोक म्हणतात लाकूड सुकले होते म्हणून ते झाले. म्हणोत. मी सांगते, मी उडी मारली. मला सुळक्यावर पडायचे नव्हते. मला किटलीवर पडायचे होते, तिचे टवके उडवायचे होते, चहा एकदाचा बंद पाडायचा होता. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी माझ्या मनाने कुठे पडायचे ते ठरवले.

आणि नेम चुकला.

मी बूश्ताच्या उघड्या पायावर पडले. धडधाकट पायावर. दोन बोटांवर, अर्ध्या किलोच्या पितळेसकट. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

बूश्ताने दांड्याकडे पाहिले. "डोकं कुठं गेलं हिचं?" तो म्हणाला. दांडा बाजूला ठेवून त्याने किटली उचलली, जेवढी गोड झाली होती तेवढी, आणि हसतमुखाने कद्दूरच्या पेल्यात धार धरली.

सगळी माणसे त्याच्या पायाकडे बघत होती. कातड्याची पांढरी लोकर लाल होत होती.

"बूश्ता," कद्दूर हळू म्हणाला, "पाय."

"तो उशीवर आहे. बरा आहे."

"तो नाही. दुसरा."

"दुसऱ्याला काय धाड भरलीय?" असे म्हणत बूश्ताने खाली पाहिले. किटली तशीच वाकडी राहिली. पेला भरला, वाहिला, तबक भरले. कद्दूरने तिच्याखाली स्वतःचा हात धरला आणि भाजेपर्यंत काढला नाही.

बतूल धावत आली. पाय बांधता बांधता तिने विचारले, "चहा चालला होता?"

"तो पीत नाही हो," बाजारातला एक जण म्हणाला. "आम्ही पितो. तो नुसती चव घेतो."

बतूलचे हात थांबले. "किती चवी?"

मग ती माणसे बोटांवर मोजू लागली. आज किती किटल्या, परवा किती, नणंद आली तेव्हा किती. मोजता मोजता एकेकाचा आवाज खाली जात गेला. कद्दूरला दोन्ही हातांची बोटे पुरली नाहीत. तो उठला, किटली धुतली, पाणी ठेवले, पुदिना घातला आणि साखरेशिवाय चहा उकळून सर्वांपुढे ठेवला. एक घोट घेतला.

"कसा आहे?" बूश्ताने विचारले.

"गाढवाच्या मुतासारखा," कद्दूर म्हणाला, आणि डोळे पुसत सगळा प्यायला. "उद्यापासून या घरात हाच. ज्याला गोड पाहिजे त्यानं आपल्या घरी बसावं."

फेझच्या डॉक्टरांनी ती दोन बोटे काढली. मी घेतलेली बोटे, मित्रांनो. पण पुढचे नऊ दिवस त्या घरात गोड चहा झाला नाही. चाळिसाव्या दिवशी आकडा उतरला होता आणि टाचेच्या काळ्या कडेच्या आत डाळिंबाच्या दाण्याएवढे गुलाबी मांस दिसले. पाय राहिला. बूश्ता आता आठ बोटांनी खोगीर धरतो, आणि रोज उठल्याबरोबर यामनाकडून तळवे तपासून घेतो. मला कोणी जोडले नाही. फळीवर ठेवले, पाहुण्यांना दिसेल असे.

इथे संपले असते तर किती बरे झाले असते.

पण कोठीत भेटीला आलेल्यांपैकी एकोणीस सुळके उरले होते. आजाऱ्याच्या घरची साखर दुसऱ्याच्या शुभकार्याला नेत नाहीत. अन्न फेकणे पाप. यामना मोठी काटकसरी, भाकरीचा पडलेला तुकडा उचलून कपाळाला लावणारी. बूश्ता दुकानात गेला की ती कोठीचे दार लोटते, आणि मला पलीकडून खलबत्त्याचा आवाज येतो. टक, टक. माझे काम आता बत्ता करतो. वाया जाऊ नये म्हणून ती एकटी तो ढीग संपवते आहे, पेल्यामागून पेला. काल तिने चुलीपाशी आणून ठेवलेले निळे कागद मी मोजले. सात रिकामे होते.

नवऱ्याचे तळवे ती रोज पाहते. तिचे कोण पाहते?

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंना भिजवा, पुसा, जपा, असे मी सांगणार होते. ते राहू द्या. आजाऱ्याला भेटायला जाल तेव्हा आपल्या हातात काय आहे ते एकदा बघा. आणि घरात जी सगळ्यांचे घास मोजते, तिचे घोट मोजा.

आज सकाळपासून यामना चौथ्यांदा रांजणाशी गेली. आत्ता पुन्हा उठते आहे. मला हाक मारता येत नाही. तुमच्यापैकी कोणाला येत असेल तर मारा: लल्ला यामना, थांबा. पाय दाखवा.